मोठ्या बाई आणि न आलेली मुलं

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या हेडमास्तरीण, हजेरी उलटी घेत. वर्गात शिरल्या की छत्री कोपऱ्यात उभी करत आणि पहिला प्रश्न टाकत, "कोण नाय?"

मग पोरं ओरडायची. "बाई, वरच्या वाडीची मंगल नाय."

"का नाय?"

"म्हस व्यायलीय."

"म्हैस व्यायली, मंगल कुठं व्यायली? बरं, तिच्या दारावरनं घरी कोण जातं? तू ना? तिला विचार, बाई विचारतायत रेडा झाला का पारडी झाली."

दुसऱ्या दिवशी मंगल हजर. पारडी झाली होती, ते बाईंना स्वतः सांगायला.

सरकारी हजेरी वर्गशिक्षक नंतर रीतसर घ्यायचे, त्यात बाई कधी पडल्या नाहीत. पण प्रत्येक वर्गात जाऊन "कोण नाय" विचारल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू व्हायचा नाही. मी नवीन असताना एकदा त्यांना याबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "आलेल्यांची नावं वाचून काय करू गो? ती मला दिसतायत."

ही शाळा पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. मी महाडची. मराठी शिकवायला लागले आणि रोज स्कूटीवरून जाऊ-येऊ लागले. बाई मात्र गावातच भाड्याच्या खोलीत राहत. एकट्याच होत्या. पाचवारी सुती साडी, पायात पुरुषी बूट आणि बारा महिने हातात छत्री. उन्हाळ्यात छत्री कशाला, असं कुणी विचारलं तर "कुत्र्यांना" म्हणायच्या. पण गावातली सगळी कुत्री त्यांच्या मागून शेपूट हलवत चालायची.

न आलेल्या मुलाच्या घरी त्या कधी फोन करत नसत. "फोनवर ताप फार चढतो. घरी जाऊन बघितलं की उतरतो," असं त्यांचं म्हणणं. शाळा सुटली की बूट आवळायच्या आणि एखाद्या वाडीची वाट धरायच्या. तिथं गेल्यावर शाळेचा विषय काढायच्या नाहीत. चुलीपाशी बसायच्या, कुणाचे गुडघे दुखतात, कुणाची सून कुठून आली, फणसाला यंदा किती लागले, हे सगळं ऐकायच्या. चहा बशीत ओतून प्यायच्या. उठताना, अगदी उंबऱ्यात गेल्यावर, "उद्या याला जरा पाठवा हो, माझं काम आहे याच्याकडं," एवढंच म्हणायच्या. आणि मूल आलं की खरोखर काहीतरी काम काढायच्या. नकाशा टांगायचा असायचा, नाहीतर पिंपातलं पाणी बदलायचं असायचं. "इतके दिवस कुठं होतास" हे वाक्य त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही.

आमचे गणिताचे सर शिस्तीचे. त्यांनी एकदा बऱ्याच दिवसांनी उगवलेल्या एका मुलाला वर्गाबाहेर उभं केलं. बाई तिथून चालल्या होत्या. त्यांनी आत जाऊन सरांना काही म्हटलं नाही. ऑफिसातली खुर्ची उचलून आणली आणि त्या मुलाच्या शेजारी बाहेरच बसून राहिल्या. पोरगा घाबरला, आतला वर्ग खिडक्यांतून बघायला लागला. शेवटी सर स्वतःच बाहेर आले.

"बाई, तुम्ही इथं का?"

"याच्याबरोबर."

"अहो, पण काहीतरी शिक्षा नको का?"

"न आल्याची शिक्षा द्यायची तर ती मूल आल्यावरच देता येते, सर. म्हणजे ती आल्याचीच शिक्षा झाली की. मग तो उद्या कशाला येईल?"

सरांना ते पटलं की नाही, माहीत नाही. पण त्यांनी मुलाला आत घेतलं आणि बाईंची खुर्ची स्वतः ऑफिसात नेऊन ठेवली.

सातवीत अर्शद नावाचा मुलगा होता. हुशार, वह्या नेटक्या, पण शुक्रवारी गैरहजर. सगळ्यांनी धरून चाललं होतं की जुम्म्याची नमाज असते म्हणून येत नसेल. बाईंना ते पटेना. "नमाज दुपारी असते. सकाळी हा काय करतो?" एका शुक्रवारी त्या सकाळीच त्याच्या घरी गेल्या. अर्शद ओटीवर बसला होता. समोर तांदळाच्या डब्याला मोबाइल टेकवलेला आणि मोबाइलमध्ये त्याचे अब्बा. ते आखातात कामाला होते, सुटी फक्त शुक्रवारी, आणि खोलीतले बाकीचे कामगार उठून बसायच्या आत जरा शांतता असायची तेव्हाच त्यांना बोलता यायचं. ती वेळ नेमकी आमच्या शाळा भरण्याची.

बाई मोबाइलसमोर जाऊन बसल्या. अब्बांना म्हणाल्या, "तुम्ही ऑफिसात फोन करत जा. माझी खुर्ची देते याला." तेव्हापासून दर शुक्रवारी अर्शद हेडमास्तरांच्या खुर्चीत बसून बापाशी बोलायचा, कॅमेऱ्यासमोर वह्या धरून दाखवायचा, आणि बाई बाहेर व्हरांड्यात उभ्या राहून कुणाला आत जाऊ द्यायच्या नाहीत. एकदा शिक्षण खात्याचे एक साहेब आले होते, तेही थांबले. "आत पालक सभा चालू आहे," बाईंनी सांगितलं.

पण बाईंचं नाव सगळ्या खोऱ्यात झालं ते फाटकामुळं.

आधीच्या हेडसरांच्या काळात प्रार्थना सुरू झाली की शाळेच्या लोखंडी फाटकाला कुलूप लागायचं. वरच्या वाड्यांची एस.टी. कधी वेळेवर यायची, कधी यायचीच नाही. पोरं धावत यायची, कुलूप बघायची आणि नदीवर खेकडे धरायला जायची. बाई आल्या त्याच वर्षी आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. पावसाळ्यात पलीकडच्या आदिवासी वाडीची मुलं यायचीच नाहीत. मध्ये पऱ्या होता, डोंगरातला ओढा. उन्हाळ्यात कोरडा, पावसात मात्र मोठ्या माणसालाही पाय टाकायची भीती वाटावी असा. त्यावर साकव, म्हणजे छोटा पूल, हवा म्हणून अर्ज जात होते.

मे महिन्याच्या सुटीत बाईंनी गावातल्या गवंड्याला धरलं. त्यानं पऱ्याच्या दोन्ही काठांना दगडी बांध घातला. मग बाईंनी शाळेचं फाटक बिजागऱ्यांतून काढायला लावलं, गावातल्या तरण्या पोरांनी ते खांद्यावरून नेलं आणि पऱ्यावर आडवं टाकलं. वर फळ्या ठोकल्या. झाला साकव.

शाळा उघडली तशी संस्थेच्या सचिवांपर्यंत बातमी गेली. ते महाडहून गाडी घेऊन आले. मी तेव्हा ऑफिसातच होते.

"बाई, शाळेचं फाटक कुठं आहे?"

"आहे की. चला, दाखवते."

पावसातून आम्ही तिघं पऱ्यावर गेलो. खाली पाणी नुसतं घोंगावत होतं. सचिव लालबुंद झाले. "ही संस्थेची मालमत्ता आहे!"

"म्हणून तर संस्थेच्या कामाला लावली."

सचिव काही बोलणार, तेवढ्यात पलीकडून पोरांची रांग आली. डोक्यावर प्लास्टिकची इरली, हातात चपला. एकेक जण फाटकावरून चालत अलीकडं आला, "नमस्ते साहेब" म्हणाला आणि शाळेकडं पळाला. मग सचिवांनी स्वतः पाय टाकला. मधोमध गेले, खाली बघितलं आणि तिथूनच ओरडले, "अहो, याला कठडा नको का? पोरं पडतील!" श्रावण संपायच्या आत कठडा आला. फाटक काही परत मागितलं गेलं नाही.

बिनफाटकाच्या शाळेत गुरं शिरायची, हे खरं. एकदा आठवीच्या वर्गात रेडा येऊन उभा राहिला. बाईंनी त्यालाही छत्रीनं ढोसत विचारलं, "तुझं नाव कुठल्या वर्गात रे?"

सुप्रिया नववीत असतानाची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

सुप्रिया वरच्या वाडीची. वडील ट्रकवर, महिन्यातून कधीतरी घरी. आई बिरवाडीला एका कंपनीच्या कँटीनमध्ये, उजाडताच निघायची आणि दिवेलागणीला परतायची. घरी आजोबा. त्यांना सगळे आबा म्हणायचे. आबा एस.टी.त कंडक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली आणि आता त्यांना विसर पडायला लागला होता. आधी वस्तूंचा, मग माणसांचा. रोज सकाळी खाकी कोट चढवून ते ड्युटीला निघायचे आणि कुठल्याही वाटेनं जायचे. एकदा थेट घाटरस्त्यावर सापडले होते. तेव्हापासून सुप्रिया घरी राहू लागली. आधी अधूनमधून, मग रोजच.

बाई गेल्या. चुलीपाशी बसल्या. मीही बरोबर होते. सुप्रिया भाकऱ्या थापत होती. बाईंनी या वेळी आडवळण घेतलं नाही, सुप्रियाच्या न येण्याचं कारण समोरच बसलं होतं, खाकी कोटात.

"शेजारी कोणी बघणारं नाही का?"

"असतात ना. पण कामाला जातात सगळी. आई बोलली, भायेरनं कडी लावून जा." सुप्रियानं भाकरी उलटली. "मी नाय लावणार, बाई. मानूस कोंडायचा कसा?"

आबा तेवढ्यात बाईंना म्हणाले, "पुढं सरका, पुढं सरका. मागं जागा करा."

बाई खरंच पुढं सरकल्या. मग म्हणाल्या, "आबा, उद्यापास्नं आमच्याकडं ड्युटी लावलीय तुमची. येणार?"

आबांनी कोटाची बटणं लावली.

दुसऱ्या दिवशी नातीचा हात धरून आबा शाळेत आले. बाईंनी त्यांना घंटेपाशी खुर्ची दिली. आमची घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा. आबांना ती लगेच समजली. एक टोला म्हणजे थांबा, दोन टोले म्हणजे चला. मुलं आत यायला लागली की ते दारात उभे राहायचे. "चला, चला, दारात गर्दी नको. लेडीज पुढं." मुलांना फार मजा वाटायची, पण कुणी चेष्टा केली नाही. सुप्रिया तिथंच असायची, शिवाय बाईंची छत्रीही. सगळी आत गेल्यावर आबा प्रत्येक वर्गाच्या दारातून डोकं घालून बघायचे आणि दोन टोले द्यायचे. मग शाळा सुरू. एखाद्या दिवशी ते टोले द्यायचेच नाहीत. "गाडी भरली नाय अजून. मानसं यायची हायत," म्हणून खुर्चीत बसून राहायचे. आमचा पहिला तास उशिरा सुरू व्हायचा आणि गणिताचे सर कासावीस व्हायचे. बाई खूश. "इतक्या वर्षांत माझ्यासारखा विचार करणारा एक माणूस भेटला," म्हणायच्या.

सुप्रिया रोज येऊ लागली. मधल्या सुटीत आबांना खिचडी भरवायची, पुन्हा वर्गात जायची.

आणि मग एका पावसाच्या दुपारी आबा खुर्चीत नव्हते.

पाचवा तास होता. मुताऱ्या, स्वयंपाकघर, मागचा आंब्याचा माळ, सगळं शोधलं. सुप्रिया पावसात पऱ्याकडं धावली, तिच्या मागं आम्ही. पऱ्या भरून वाहत होता. ती काठाकाठानं "आबा, आबा" ओरडत खाली नदीपर्यंत गेली. तिचा तो आवाज मला आजही नको वाटतो. गणिताचे सर माझ्या शेजारी उभे होते. हळूच म्हणाले, "फाटक असतं तर..." बाईंनी ते ऐकलं. त्यांनी छत्री मिटली आणि तशाच भिजत उभ्या राहिल्या.

फोन आला तो महाडच्या डेपोतून. आबा शाळेतून निघून फाट्यावर गेले होते. कोट बघून एस.टी.च्या नव्या कंडक्टरनं त्यांना खात्यातलाच माणूस समजून गाडीत घेतलं होतं. महाडला उतरून ते सरळ ड्रायव्हर-कंडक्टरांच्या विश्रांतिगृहात जाऊन बाकावर बसले. तिथल्या एका जुन्या ड्रायव्हरनं त्यांना ओळखलं, चहा पाजला आणि विचारत विचारत शाळेचा नंबर मिळवला. मी, बाई आणि सुप्रिया वडापच्या, माणशी भाडं घेणाऱ्या जीपनं जाऊन त्यांना घेऊन आलो. येताना सगळा रस्ता सुप्रिया त्यांचा हात धरून बसली होती. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. आबा प्रत्येक थांब्याचं नाव घेत होते.

दुसऱ्या दिवशी सुप्रिया आली नाही. त्यानंतरही आली नाही. तिचे वडील मात्र आले. ट्रक फाट्यावर उभा करून, तसेच. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाले, "बाई, माज्या बापाला तुमी घंटा वाजवायला बशिवलात. पोरं हसत असतील. मानूस हाय तो, खेळनं नाय."

ते गेल्यावर बाई मला म्हणाल्या, "बरोबर बोलला."

संध्याकाळी त्या वाडीवर निघाल्या. मी बरोबर गेले, कारण त्यांना एकटीला पाठवावंसं वाटेना. वडील ओटीवर होते, त्यांनी चटई टाकली. सुप्रिया दारात उभी राहिली. बाई चटईवर बसल्याच नाहीत. साठीला टेकलेल्या हेडमास्तरीण बाई नववीतल्या मुलीसमोर उभ्या राहिल्या.

"सुप्रिया, माझी चूक झाली. मला तू वर्गात हवी होतीस, म्हणून मी आबांना आणलं. आबांना काय हवंय ते मी बघितलंच नाही. ते नदीत गेले असते तर काय केलं असतं मी?"

सुप्रिया खाली बघत होती. मग वडिलांकडं बघत म्हणाली, "बाई, त्यांना डूटीच हवीय. घरात मला दिवसभर विचारतात, कोन गो तू, इथं काय करतेस. मी सांगते, आबा, मी सुप्रिया. परत विचारतात. शाळेत नाय विचारत." तिनं दाराची चौकट धरली. "शाळेत मी पॅसेंजर असते ना."

वडिलांनी मान फिरवली. आत बसलेल्या आबांकडं बघितलं. शेवटी म्हणाले, "मग त्यांच्यासंगं एक मानूस पायजे. नुसती खुर्ची नको."

माणूस मिळाला. शाळेची खिचडी शिजवणाऱ्या शेवंताकाकी त्याच वाडीच्या. त्या आबांना बरोबर आणू लागल्या, स्वयंपाकघराच्या दारात आपल्या डोळ्यांसमोर बसवू लागल्या, घंटेची वेळ झाली की हाताला धरून घंटेपर्यंत नेऊ लागल्या. फार पाऊस असला तर आबा शेवंताकाकींच्या सासूबाईंजवळ घरी राहत. सुप्रियाचं वर्ष वाचलं. ती दहावीत गेली.

दहावीच्या वर्षी, थंडीत, आबा गेले. झोपेतच. सगळी शाळा वर वाडीवर गेली होती.

तेरावं झालं. सुप्रिया आली नाही. आणखी काही दिवस गेले. मी रोज बाईंकडं बघत होते, आज बूट आवळतील, उद्या आवळतील. बाई हलेनात. ज्या बाई म्हशीच्या बाळंतपणासाठी डोंगर चढायच्या, त्या दहावीतली मुलगी घरी बसली असताना ऑफिसात नकाशे गुंडाळत बसल्या होत्या. शेवटी मला राहवलं नाही. म्हटलं, "बाई, परीक्षा तोंडावर आलीय. जायला नको का?"

"नको."

"पण आता तर तिला अडवणारं काही राहिलं नाही."

बाईंनी नकाशा खाली ठेवला. "तेच तर गो. आता तिला घरी ठेवणारं कोणी नाही, आणि त्याचंच तिला सगळ्यात वाईट वाटत असणार. आज मी दारात गेले की तिला वाटेल, सुटलीस एकदाची, चल आता, असं म्हणायला बाई आल्या. ते मी कसं म्हणू? तिचं तिला येऊ दे." मग नकाशा पुन्हा उचलून म्हणाल्या, "नाही आली तर मात्र माझं काही खरं नाही."

त्या दिवसांत बाई जेवत नव्हत्या, हे मला शेवंताकाकींनी सांगितलं.

एका मंगळवारी, मधली सुटी संपत आली असताना, सुप्रिया आली. दप्तर पाठीला, वेणी घट्ट. कुणाशी न बोलता वर्गात गेली आणि खिडकीजवळ बसली. माझाच तास होता. मी कविता शिकवायला घेतली होती. थोड्या वेळानं बाई मागच्या दारानं आत आल्या आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या.

पहिलं कडवं होतं न होतं तोच सुप्रिया रडायला लागली. आधी आवाज न करता, मग तिला आवरेना. बाक हलायला लागला. शेजारच्या मुलीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मी पुस्तक खाली घेतलं आणि बाईंकडं बघितलं, आता काय करू म्हणून. त्यांचे स्वतःचे डोळे भरले होते. त्यांनी हातानं मला खूण केली. शिकव, शिकव, थांबू नको.

मी शिकवत राहिले. सुप्रिया पूर्ण तास रडली. पण वर्गात बसून रडली.